"यांचं स्वतःचं असं काय आहे?" – अमेरिकन संस्कृतीबद्दल

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

गेल्या उन्हाळ्यात माझी आत्या कराडहून आमच्याकडे व्हरमाँटला येऊन तीन महिने राहून गेली. परतीच्या आदल्या रात्री बॅगा भरताना म्हणाली, "गाव देखणं आहे गं तुझं, माणसंही भली आहेत. पण यांचं स्वतःचं असं काय आहे? सण नाहीत, गाणं नाही, जे काही आहे ते दुकानातून आणलेलं."

मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण पहिली आठ वर्षं मीही हेच म्हणत होते. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो. ऑफिस, देशी किराणा, मंडळाचा गणपती, शनिवारची मराठी शाळा, यात आठवडा संपायचा. आठ वर्षांत अमेरिकन माणसाच्या घरात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा मुलाच्या मित्राच्या वाढदिवसाला, आणि तेही अंगणापर्यंतच. ज्यांच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलं नाही त्यांना संस्कृती नाही, हे मी इतक्या खात्रीने कशाच्या बळावर बोलत होते, याचं आता वाईट वाटतं.

आत्या जूनमध्ये आली. मार्चमध्ये आली असती तर तिला शुगरहाउसमध्ये, म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक आटवायच्या खोपीत, नेलं असतं.

आमचं माहेर उसाचं. आजोबांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे काहिलीतला रस, चुलवाणात सारलेली चिपाडं, मळी काढणारा माणूस आणि सगळ्यांच्या वर ज्याचा शब्द चालतो तो गुळव्या, हे मी लहानपणी रोज पाहिलंय. इथे मार्चमध्ये रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा जरा ऊब असं सुरू झालं की मेपलच्या खोडातून रस पाझरू लागतो. तो पाण्यासारखा असतो, जिभेला गोडी जेमतेम कळते. चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक होतो. त्यासाठी रानात लाकडी खोपी असते आणि तिच्या छपराला वाफ जायला झडपा असतात. त्या झडपांतून वाफ निघताना दिसली की रस्त्यावरून जाणारा कुणीही गाडी थांबवून आत येतो. आमंत्रण लागत नाही. कुणी लाकडं सारतं, कुणी नुसतं भिंतीला टेकून उभं राहतं.

आमच्या शेजारच्या खोपीत ऐंशीच्या घरातले एक आजोबा असतात. पातेल्यात रुंद डाव बुडवून ते उंच धरतात. थेंब सुटे सुटे पडत असतील तर अजून वेळ आहे. थेंब एकमेकांना धरून डावाच्या कडेला पदरासारखे लोंबले की झालं. उष्णतामापक शेजारीच टांगलेला असतो, पाण्याच्या उकळीपेक्षा सात अंश फॅरेनहाइट वर हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आजोबांनी मान डोलावल्याशिवाय नळ उघडत नाहीत. पहिल्या वर्षी ते पाहताना मला आमचे गुळव्या तात्या आठवले आणि डोळे भरून आले. मग गरम पाक बाहेरच्या ताज्या बर्फावर ओततात, तो चिकीसारखा होतो, आणि तो डोनट आणि आंबट लोणच्यातल्या काकडीबरोबर खातात. झाडाच्या रसापासून साखर करायची विद्या या भागातल्या मूळ रहिवासी अबेनाकी लोकांची. गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून घेतली.

दुसरी गोष्ट गावसभेची. मार्चचा पहिला मंगळवार. आदल्या महिन्यात गावच्या जमाखर्चाचं पुस्तक प्रत्येक घरी टपालाने येतं. सभा शाळेच्या जिममध्ये भरते. लोखंडी खुर्च्या, मागच्या बाकावर विणकाम करणाऱ्या बायका, दुपारी घराघरातून आलेलं जेवण. मी गेले त्या पहिल्या वर्षी रस्त्यावरचं बर्फ काढायच्या नव्या ट्रकवर पाऊण तास चर्चा झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी पुस्तकातलं पान काढून जुन्या ट्रकच्या दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवला. रस्तेविभागाचा माणूस उभा राहिला, त्याने उत्तर दिलं, बाईंचं समाधान झालं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मग हात वर करून मतं मोजली. बाई हरल्या, आणि जेवणाच्या रांगेत त्याच माणसाला वाढत होत्या.

आणि आग लागली तर येणारे लोक म्हणजे आमचा प्लंबर, मुलाची विज्ञानाची शिक्षिका आणि दूधवाला शेतकरी. पगार नाही. कमरेचा पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. या देशातले बहुतेक अग्निशमन जवान असेच विनावेतन काम करणारे आहेत, आणि ही प्रथा बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात काढलेल्या मंडळीपर्यंत मागे जाते.

मला वाटतं, पैसे मिळत नसताना, कुणी बघत नसताना जे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत राहतात आणि मुलांना करायला शिकवतात, ती त्यांची संस्कृती. तुम्ही जिथे राहता तिथे असं काय पाहिलंत? मॉल आणि हायवे सोडून लिहा.

---

स्पष्टवक्ता

लेख मनापासून लिहिलाय, पण मला पटला नाही. मी दहा वर्षं डॅलसच्या उपनगरात आहे. डावीकडच्या शेजाऱ्याचं पहिलं नाव माहीत आहे, उजवीकडच्याचं तेही नाही. आमच्याकडे गावसभा नाही. घरमालकांची संघटना आहे, ती गवत वाढलं की पत्र पाठवते. तुम्ही एका छोट्या, थंड, जुन्या राज्याचं चित्र काढून ते सगळ्या देशावर लावताय.

जेवण म्हणाल तर पिझ्झा इटलीचा, हॉट डॉग जर्मनांचा, टॅको मेक्सिकोचा. भाषा इंग्लंडची. थँक्सगिव्हिंगला घरचे एकत्र जेवतात हे खरं, पण ताट उचलायच्या आत सेलच्या रांगेची चर्चा सुरू होते. माझ्या आईने आजीकडून ओव्या ऐकल्या, आजीने तिच्या आजीकडून. असा धागा मला इथे कुणाच्या घरात दिसला नाही. संस्कृती म्हणजे वारसा. नुसत्या चांगल्या सवयींना मी संस्कृती म्हणणार नाही.

---

मीठमोहरी

@स्पष्टवक्ता, तुमच्यापासून आठ तासांच्या ड्राइव्हवर न्यू ऑर्लिन्स आहे. मी तिथे सहा वर्षं होते. एकदा जाऊन या, आणि बर्बन स्ट्रीटवर थांबू नका, ट्रेमे वस्तीत जा.

आधी जेवणाचं. तिथल्या गंबो या रश्श्याचं नाव मुळात भेंडीचं. अंगोलाकडच्या भाषेत भेंडीला 'कि न्गोम्बो' म्हणतात, तो शब्द गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आला, भेंडीही त्यांच्याबरोबरच आली. लोण्यात किंवा तेलात पीठ तांबूस होईपर्यंत परतायची रीत फ्रेंचांची. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची हे त्रिकूट तिथलंच. आणि वरून घालायची ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची. तुम्ही म्हणाल, बघा, सगळं उसनं. पण ही भांडी ज्या एका चुलीवर आली ती चूल फक्त तिथल्या लुईझियाना राज्यात आहे. अंगोलात गंबो होत नाही, पॅरिसमध्येही नाही. आपल्या मिरचीला, बटाट्याला, टोमॅटोला, साबुदाण्याला आपण परके म्हणतो का? हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. आपल्या उपासाचं निम्मं ताट तिकडचं आहे.

आता गाण्याचं. १८१७ साली त्या शहराने हुकूम काढला की गुलामांनी फक्त रविवारी आणि फक्त एका ठिकाणी जमायचं. ती जागा काँगो स्क्वेअर. आठवड्यातून एक दिवस मिळालेल्या त्या मोकळ्या मैदानात लोक आपापल्या देशीचे ताल वाजवायचे, नाचायचे, भाजी विकायचे. त्याच शहरात १९०१ साली जाझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग जन्मला. जाझचा उगम एकाच जागी दाखवता येत नाही, पण ज्या मातीत तो उगवला तिच्यात ते रविवार आहेत.

माझ्या घरासमोरून अंत्ययात्रा जायची. दफनभूमीपर्यंत ब्रास बँड संथ भजनं वाजवतो, पावलं घसटत चालतात. शवपेटी निरोप घेऊन पुढे गेली की ढोलाचा ताल बदलतो आणि मागचे लोक नाचायला लागतात, छत्र्या आणि रुमाल हलवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीतच थिजले होते. नंतर कळलं की यामागे वस्तीच्या जुन्या साहाय्य मंडळ्या आहेत. काळ्या माणसाला विमा मिळत नव्हता, तेव्हा वर्गणी काढून औषधपाणी आणि अंत्यविधी करायला निघालेल्या. आजही त्यांच्या रविवारच्या मिरवणुका निघतात.

आणि मार्डी ग्रा या तिथल्या सणाला काळ्या वस्त्यांतले 'इंडियन' निघतात. पळून आलेल्या गुलामांना मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्याची आठवण म्हणून त्यांच्यासारखा पोशाख करतात असं ते सांगतात. मण्यांचा आणि पिसांचा तो पोशाख वर्षभर हाताने शिवायचा, त्या दिवशी घालून मिरवायचा, आणि पुढच्या वर्षी नवा करायचा. आमच्या गल्लीत बस चालवणारे एक गृहस्थ होते, रोज रात्री अकरापर्यंत ओट्यावर दिव्याखाली मणी ओवत बसायचे. त्यांची नात सुईत दोरा ओवून द्यायची. तुम्हाला हवा तो धागा तो बघा.

---

निळी_पहाट

मी नांदेडला असतो, अमेरिकेला गेलेलो नाही. तरी लिहितो, कारण हा प्रश्न मला ओळखीचा आहे. "यांना संस्कृती नाही" हे वाक्य आमच्या आजोबांनी आयुष्यभर ऐकलं. ते हलगी वाजवायचे. ती कला मानायला गावाला किती वर्षं लागली हे मी पाहिलंय. त्यामुळे कुठल्याही समाजाबद्दल हे वाक्य आलं की मी आधी विचारतो, की बोलणारा कुठे उभा राहून बोलतोय?

महाराष्ट्राने अमेरिकेकडे पाहिलं ते आयटीच्या फार आधी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्या माणसाला अमेरिकेची ही बाजू दिसली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, काळ्यांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून पायी जाण्याइतकं जवळ. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करायचं ठरवलं होतं त्याची प्रत मागितली, आणि उत्तरही आलं. पुढे १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ओकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून. त्या ओकलंडच्या पोरांनी बंदुका घेतल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९६९ पासून ते वस्तीतल्या मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायचे, हे फार कमी लोक सांगतात.

अमेरिकेचं गाणं जगभर गेलं ते बहुतांशी ज्यांना तिथे माणूस मानलं नाही त्यांनी केलेलं आहे. ते 'अमेरिकन' म्हणून मोजायचं असेल तर त्या माणसांनाही पूर्ण मोजा. नुसतं गाणं घेऊन चालणार नाही.

---

जुनी_पानं

@निळी_पहाट, फार चांगला प्रतिसाद. त्याच सुमाराची आणखी एक मराठी साक्ष.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथे राहायचा बेत फार दिवसांचा नव्हता, पण जवळजवळ तीन वर्षं त्या देशभर फिरल्या, आणि परतल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. आज या धाग्यात जो प्रश्न चाललाय त्यावर एका मराठी बाईने तेव्हाच शेकडो पानं लिहून ठेवलीत.

त्यांना सगळ्यांत जास्त नवल वाटलं ते बायकांच्या मंडळ्यांचं. मताचा अधिकार नव्हता, तो देशभर मिळायला १९२० उजाडलं, पण बायका सभा भरवत होत्या, हिशेब ठेवत होत्या, वर्तमानपत्रं चालवत होत्या, दारूबंदीसाठी गावोगाव शाखा काढत होत्या. या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी रमाबाईंची मैत्री झाली. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यावरही त्यांनी लिहिलं, डोळे झाकून कौतुक केलं नाही. आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळी स्थापन झाली, दहा वर्षं मदत देण्याचा शब्द देऊन. त्या पैशावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. धागाकर्तीने गावसभेत जे पाहिलं, पाच माणसं जमली की मंडळी काढायची, वर्गणी लावायची, काम वाटून घ्यायचं, ते रमाबाईंनी पाहिलं आणि वापरूनही घेतलं.

आनंदीबाईंना न्यू जर्सीच्या रोझेल गावात आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा पुकिप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. मी तिथे गेलो आहे. कुणा परक्या मुलीसाठी आपल्या कुटुंबाच्या जागेत दगड बसवणारं घर ज्या गावात असतं, त्या गावाकडे काही नव्हतं असं मला म्हणवत नाही.

---

मालतीआजी_पुणे

मी लेकीकडे ओहायोला दरवर्षी जाते. तिच्या गावच्या वाचनालयात मंगळवारी बायका क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवायला बसतात. लेक म्हणाली, आई, तुला जमेल. मी गेले. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण धावदोरा घालायला ते लागत नाही. त्यांनी माझ्या हाताखाली चौकट सरकवली आणि मी घातला. एक बाई माझे टाके बघून दुसरीला बोलावून आणायला गेल्या.

त्या बायकांनी मला अलाबामातल्या जीज बेंड गावच्या गोधड्यांचं पुस्तक दाखवलं. नदीच्या वळणात अडकलेली गरीब काळी वस्ती, कामाच्या फाटक्या पँटींचे तुकडे जोडून थंडीसाठी शिवलेल्या गोधड्या. २००२ पासून त्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर गेल्या, टपालाची तिकिटंसुद्धा निघाली. आणि १९८७ साली एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी राजधानीत मैदानावर अंथरली होती, एकेका माणसासाठी एकेक तुकडा, आईने किंवा मित्राने शिवलेला. ते चित्र बघून मी त्या दिवशी पुढे शिवू शकले नाही.

---

वाळवंटातली_वाट

अमेरिकेला "अडीचशे वर्षांचा देश" म्हणायची सवय आहे, ते मोजमाप सोडून द्या एवढंच सांगायला आलो. मी न्यू मेक्सिकोत असतो. ताओस प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या गावातली मातीची मजली घरं सुमारे हजार वर्षांची आहेत, त्यांत आजही माणसं राहतात, दरवर्षी भिंतींना नव्याने माती लावतात. १९९२ पासून ते जागतिक वारसा आहे. इथल्या प्वेब्लोंच्या सणादिवशी नाच असतो, फोटो काढू देत नाहीत, आणि ओळखपाळख नसलेल्या माणसालाही घरात बोलावून लाल मिरचीचा रस्सा आणि अंगणातल्या भट्टीतली पोळी वाढतात. मी तीन घरांत जेवलो. उठताना दारात पुढची माणसं उभी असतात, म्हणून लवकर उठायचं असतं, हे मला एका मुलाने हळूच सांगितलं.

हे टिकलं कशावर मात करून तेही लिहायला हवं. १८७९ साली पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलला मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली, आणि तिच्या धर्तीवर देशभर. मुलांना आईबापांपासून तोडून नेलं, केस कापले, भाषा बोलली तर शिक्षा. त्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा यायला १९७८ उजाडलं. ज्या सरकारने ही संस्कृती पुसायचा प्रयत्न केला त्याच देशाच्या नावावर ती आज जमा करायची का, हा मला खरा अवघड प्रश्न वाटतो. तिथल्या लोकांना विचारलं तर घराघरात वेगळं उत्तर मिळतं.

---

स्पष्टवक्ता

न्यू ऑर्लिन्सचा आणि ताओसचा प्रतिसाद दोनदा वाचला. एवढं मान्य करतो की मी उपनगराला देश समजत होतो. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. इथले बहुसंख्य लोक उपनगरातच राहतात. ज्याच्या वाट्याला गंबो नाही, गावसभा नाही, अशा माझ्या शेजाऱ्याचं काय? तो कामावरून येतो, गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. वर्षानुवर्षं. मला त्याच्यासाठी वाईट वाटतं, आणि माझ्यासाठीही, कारण माझ्या मुलीला मी तेच घर दिलंय.

---

आयोवाकर

@स्पष्टवक्ता, मुलगी किती वर्षांची आहे? आमची लेक दहाव्या वर्षी शेजारणीच्या नादाने ४-एच मंडळात गेली. डोकं, मन, हात, आरोग्य या चार इंग्रजी 'एच'वरून ते नाव. तिने एक बोकड वर्षभर सांभाळला, खर्चाची वही लिहिली, काउंटीच्या जत्रेत पांढरा शर्ट घालून परीक्षकासमोर फिरवला. शेवटी लिलाव होतो. सगळी पोरं गोठ्यात गळ्यात गळा घालून रडत होती, आणि ज्यांनी हे तीस वर्षांपूर्वी केलं होतं ते बाप शेजारी गप्प उभे होते. राज्याच्या जत्रेत १९११ पासून लोण्याची गाय करतात, ती बघायला तिला आता माझ्यापेक्षा जास्त घाई असते. शहरांतही या शाखा आहेत, कोंबड्यांपासून रोबोटपर्यंत काहीही करतात. चौकशी करा.

---

अंतरा_गाते

सगळे प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट खटकते आहे. मेपल आवडला कारण गुऱ्हाळ आठवलं, गंबो आवडला कारण भेंडी निघाली, क्विल्ट आवडली कारण गोधडी आठवली. माझंही तसंच होतं. पण आपल्यासारखं काही सापडलं तरच ती संस्कृती, असं होता कामा नये. म्हणून ज्याला आपल्याकडे जोड नाही असं एक सांगते.

अलाबामा आणि जॉर्जियात सेक्रेड हार्प नावाची गायकी आहे. १८४४ साली जॉर्जियात तयार झालेल्या भजनांच्या पुस्तकावरून नाव पडलं. स्वर ओळखायला त्यात चार आकार असतात, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि शंकरपाळ्यासारखा एक. लोक चौकोन करून आत तोंड करून बसतात, चार बाजूंना चार आवाज. मधे रिकामी जागा. ज्याची पाळी येईल तो मधे उभा राहतो, पानाचा आकडा सांगतो, हाताने ठेका धरतो. आधी सगळे नुसते स्वर म्हणतात, फा, सोल, ला, मी, आणि मग शब्द. आवाज पूर्ण मोकळा. गळा साफ आहे की नाही याची कुणी पर्वा करत नाही.

मी गाणं शिकलेली आहे, गुरूंसमोर वर्षानुवर्षं बसले आहे, मैफली ऐकल्या आहेत. अशी बैठक मी कुठेही पाहिली नव्हती, कारण तिथे श्रोत्यांची जागाच नाही. खुर्च्यांची एकही रांग बाहेर तोंड करून नसते. आठ वर्षांची मुलगी मधे उभी राहिली तरी शंभर माणसं तिच्या हाताकडे बघून गातात. दुपारी चर्चच्या आवारात लांब टेबलांवर घरचं जेवण. जेवणाआधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, मग जे आजारी आहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांची, आणि त्यांच्यासाठी गातात. मला मधे उभं केलं तेव्हा चारी बाजूंनी तो आवाज अंगावर आला आणि माझा हात थांबला. समोरच्या ओळीतल्या एका आजोबांनी आपल्या हाताने ठेका दाखवत मला पुढे नेलं.

मी ख्रिस्ती नाही, त्यांनी विचारलंही नाही. पुढच्या वेळी येशील का, एवढंच विचारलं.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

@अंतरा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि योग्य आहे. गावसभेला मलाही आपल्याकडचं काही आठवलं नाही. ग्रामसभा आठवली, पण आमच्या गावच्या ग्रामसभेत बाई उठून जाब विचारते आणि लोक तिचं पूर्ण ऐकून घेतात, असं मी लहानपणी पाहिलेलं नाही. आता बदललं असेल तर आनंद आहे.

@स्पष्टवक्ता, तुमच्या शेजाऱ्याबद्दल. २०२३ च्या जुलैत इथे पूर आला. माँटपेलिअरची बाजारपेठ पाण्याखाली गेली, आमच्या गावातही तळघरं चिखलाने भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दारात चौघं फावडी घेऊन उभे. त्यातल्या दोघांना मी ओळखत नव्हते, आणि तिसरा रस्त्यापलीकडचा, जो सहा वर्षांत कधी धड बोलला नव्हता. दिवसभर चिखल उपसला, संध्याकाळी त्याने आपलं नाव सांगितलं. २०१९ ला कराडमध्ये कृष्णा-कोयनेचं पाणी शिरलं तेव्हा आत्याच्या गल्लीतही लोक असेच धावले होते, त्यामुळे हे फक्त अमेरिकन आहे असं मी म्हणत नाही. पण तो माणूस सहा वर्षं बोलला नाही याचा मी जो अर्थ लावला होता, तो चुकीचा होता.

---

स्पष्टवक्ता

धन्यवाद. ४-एच बघतो, मुलगी नऊची आहे. एक विचारायचं होतं. ऑक्टोबरमध्ये कंपनी मला बॉस्टनला पाठवते आहे, निदान दोन वर्षांसाठी. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे तिकडच्या ईशान्येच्या राज्यांत, अशा सभा सगळीकडे होतात का? मी अजून एच-वन व्हिसावर आहे. बसू देतील?

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

बॉस्टन शहरात नाही, पण आसपासच्या पुष्कळ लहान गावांत होते, मॅसॅच्युसेट्समध्ये बहुधा वसंतात. बसायला कुणी अडवत नाही. मत फक्त नोंदणी केलेल्या मतदारांना, म्हणजे बहुतेक ठिकाणी नागरिकांनाच. व्हरमाँटमध्ये माँटपेलिअर आणि विनूस्कीने गावच्या मतदानात इतर रहिवाशांनाही घेतलंय, पण ते अपवाद. मतदार नसलेल्यांना बाजूला वेगळं बसवतात, म्हणजे हात मोजताना घोळ होत नाही. मी चार वर्षं त्या बाजूच्या बाकावर बसले. सभेची परवानगी घेऊन बोलताही येतं. मी एकदाच बोलले, शाळेच्या बसथांब्यावर दिवा हवा म्हणून. दिवा लागायला दोन वर्षं गेली.

सभा लांबते, त्यामुळे मुलीसाठी काहीतरी वाचायला न्या. जेवणाला घरून एक पदार्थ न्यावा लागतो, आणि त्यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून भांड्याला चिकटवायचं, शेंगदाणे असतील तर मोठ्या अक्षरांत. मी साबुदाण्याची खिचडी नेते. आत्याला मार्चमध्ये बोलावलंय, ती म्हणाली की दाण्याचं कूट ती कराडहून आणेल.